काचेमागची मी

जोडीदार येणार नाही हे जांगिलला कळलं तेव्हा ती खोक्यात शिरून, बूट काढून, पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर टेकवून बसलीसुद्धा होती. खोकं म्हणजे प्लायवूडची, पुढे काच असलेली दुभाष्यांची खोली. विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात मागच्या भिंतीला अशी दोन खोकी उभी केली होती. आत दोन खुर्च्या, दोन माइक, पाण्याची बाटली आणि हवेसाठी वर चार भोकं. हे काम दोघांनी अर्धा अर्धा तास वाटून घ्यायचं असतं, कारण कानाने एक भाषा ऐकत तोंडाने दुसरी बोलत राहिलं की अर्ध्या तासात माणसाच्या डोक्याचा भुगा होतो. पण जोडीदाराला कुणा मोठ्या साहेबाने ऐनवेळी आपल्या पाहुण्यांसाठी बोलावून घेतलं होतं, आणि मोठ्या साहेबाला नाही म्हणणारा दुभाषी बिश्केकमध्ये अजून जन्मायचा आहे.

"एजे, तीनच दिवसांचा तर प्रश्न आहे," काचेपाशी येऊन उरमत म्हणाला.

"प्रश्न तुझा. घसा माझा."

"तुमच्यासारखं दुसरं आहे कोण?"

"कोणी नाही म्हणूनच मी आहे. जा, चहा पाठव."

उरमत चाळिशीचा, पदार्थविज्ञानाचा. कधी काळी जांगिलने त्याला इंग्रजी शिकवलं होतं. वडीलधाऱ्या बाईला इथे सगळेच एजे म्हणतात, पण उरमतच्या एजेमध्ये वर्गातल्या बाईंची थोडी भीती अजून शिल्लक होती. परदेशातली चांगली नोकरी सोडून तो परत आला, याबद्दल त्याच्या आईने त्याला अजून माफ केलेलं नव्हतं. ही कार्यशाळा त्याने दीड वर्ष खपून उभी केली होती. विषय होता क्वांटम संगणक, आणि त्यासाठी पदार्थविज्ञानवाले, गणितवाले, संगणकवाले, भाषावाले, कायदेवाले अशी चाळीस माणसं त्याने एका छताखाली आणली होती. एकाच विद्यापीठात वीस वीस वर्षं काढून ज्यांनी एकमेकांची दालनं पाहिलेली नव्हती, अशी ही माणसं. मदत देणाऱ्या परदेशी संस्थेच्या अटी दोन होत्या. सगळं बोलणं किर्गिझ भाषेतही ऐकू यायला हवं, आणि तिसऱ्या दिवसाच्या अखेरीस या नव्या विद्येतल्या चाळीस शब्दांची किर्गिझ यादी सभेच्या मंजुरीने तयार व्हायला हवी. यादी झाली तर उरमतच्या प्रयोगशाळेला पुढची तीन वर्षं मिळणार होती.

परदेशी पाहुणे इंग्रजीत बोलत. शेजारच्या खोक्यातली दोन तरुण मुलं ते रशियनमध्ये करत, आणि जांगिलचं खोकं रशियन-किर्गिझचं म्हणून ती ते रशियन कानात घेऊन किर्गिझमध्ये करी. कोणी किर्गिझमध्ये बोललंच, तर तिचं काम उलट्या दिशेने चाले. सभागृहातल्या बहुतेकांना रशियन पुरत असे. किर्गिझ ऐकण्यासाठी सात जणांनी कानाला यंत्र लावलं होतं, हे तिने काचेतून मोजून घेतलं होतं. त्यातला एक झोपलेला होता.

जांगिल एकसष्ट वर्षांची. पेन्शन लागून तीन वर्षं झाली होती, आणि त्यानंतर प्रत्येक काम तिने शेवटचं म्हणूनच घेतलं होतं. छत्तीस वर्षांत तिने धरणं, मेंढ्यांचे रोग, जागतिक शांतता, दातांची औषधं आणि तीन राष्ट्राध्यक्षांच्या मेजवान्या एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेल्या होत्या. तिचं नाव मात्र कुठल्याही कागदावर आलेलं नव्हतं. दुभाष्याचं नाव येत नाही, आवाज येतो. आणि तो आवाजही त्याचा नसतो, कारण या धंद्याचा पहिला नियम असा की बोलणारा "मी" म्हणाला की दुभाष्यानेही "मी" म्हणायचं. मंत्री म्हणाला "मी वचन देतो" की जांगिल म्हणायची "मी वचन देते". अशी हजारभर वचनं तिने दिली होती आणि एकही पाळायची वेळ तिच्यावर आली नव्हती. दुभाष्याला स्वतःचं काही सांगायचं असेल, म्हणजे माइक लावा किंवा सावकाश बोला, तर त्याने स्वतःला परकं करून "दुभाषी विनंती करते" असं म्हणायचं. तिला या नियमाची इतकी सवय झाली होती की घरीसुद्धा "मला बरं वाटत नाही" म्हणायचं तिच्या जिवावर येई.

नावावरून तिची थट्टा व्हायची ती वेगळीच. जांगिल म्हणजे चुकली. आपल्याकडे मुलीवर मुलगी झाली की नकुशी नाव ठेवतात, तसंच हे. तिसरी मुलगी झाली तेव्हा आईने ठेवलं. भाषांतर विभागात नवा आलेला प्रत्येक जण एकदा तरी विचारी, "एजे, दुभाषीचं नाव चुकली?" आणि ती सांगे, "हो बाळा, म्हणून कामात चुकत नाही."

पहिल्या दिवशी दुपारी मात्र ती चुकली.

जेवणात पुलाव होता, आणि पुलावानंतरचं भाषण हे दुभाष्यांच्या पाचवीला पुजलेलं दुखणं आहे. एक परदेशी पाहुणा दोन कणांबद्दल सांगत होता. हे कण एकमेकांपासून कितीही लांब नेले तरी एकमेकांत गुंतलेले राहतात, असं त्याचं म्हणणं. या गुंतण्याला उरमतच्या कच्च्या यादीत शब्द होता चाताशू. जांगिलने तो दोनदा वापरला. तिसऱ्यांदा वापरला तेव्हा पुढच्या रांगेतले नारीनहून आलेले शाळामास्तर, तोकतोसुन आगाय, म्हणजे तोकतोसुन गुरुजी, खुदकन हसले. तिला कळलं ते का हसले. चाताशू म्हणजे गुंताही आणि घोळही, आणि चाताक म्हणजे तर सरळ भांडण. मास्तरांच्या कानात गेली दहा मिनिटं दोन कण एकमेकांच्या झिंज्या उपटत होते.

तेवढ्यात पाहुणा म्हणाला, "मोजून पाहीपर्यंत या दोघांपैकी कोणीच अजून काही झालेलं नसतं. ना हे, ना ते. त्यांचं नातं मात्र तेव्हाच ठरलेलं असतं." जांगिलचं डोकं बधिर झालं होतं, चार तास जोडीदार नव्हता, पायांना सूज होती. तोंड आपलं आपण बोलून गेलं, "म्हणजे हे दोन कण बेल कुदा असतात."

तोकतोसुन आगायांनी वही उघडली आणि लिहून घेतलं.

बेल कुदा म्हणजे कमरेचे व्याही. दोन मित्रांच्या बायका एकाच वेळी गरोदर असल्या, की दोघं मित्र आपली होणारी मुलं एकमेकांना देऊन टाकतात. आपल्याकडे पोटाला कुंकू लावत तसंच. मुलगा की मुलगी ते माहीत नसतं, जगेल की नाही तेही माहीत नसतं, पण सोयरीक पक्की.

चहाच्या वेळी पायांना जरा वारा लागावा म्हणून ती बाहेर आली, तर तोकतोसुन आगाय बोरसोकची बशी हातात घेऊन वाट पाहत उभे होते. तळलेले ते कणकेचे गोळे त्यांनी तिच्यापुढे धरले. "एजे, तेवीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवतोय. आज पहिल्यांदा मला हे कळलं. माझ्या पोरांनाही कळेल."

त्यांच्या मागोमाग सोरोनबाय अक्सकाल आले. हे भाषाशास्त्राचे म्हातारे प्राध्यापक, पांढरी दाढी म्हणून सगळ्यांचे अक्सकाल, सत्तर वर्षांत कोणाचं चांगलं म्हटलेलं नाही. "कुठून काढलास ग हा शब्द?"

"आजीच्या बोलण्यात असायचा," जांगिल म्हणाली.

"लोकांच्या जिभेवरून आलेला शब्द आहे. यादीत घ्या," अक्सकाल उरमतला म्हणाले आणि गेले.

उरमतचा चेहरा फुलला. पदार्थविज्ञान भाषावाल्यांना पटण्याची त्याच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ असावी. "एजे, छापील यादीत प्रत्येक नव्या शब्दापुढे तो घडवणाऱ्याचं नाव येणार आहे. तुमचं नाव घालतो. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट."

"असू दे रे," ती म्हणाली. पण असू दे नव्हतं. तिला ते हवं होतं. खोक्यात परतून बसल्यावर तिने कागदाच्या कोपऱ्यात आपलं नाव लिहून पाहिलं, छापल्यावर कसं दिसेल ते, आणि मग एकसष्टाव्या वर्षी हा काय चळ म्हणून खोडलं. कोणालाही न दाखवता माणसाला एखादी गोष्ट हवीशी वाटते ना, तशी तिला ती हवी होती. मेल्यावर नात कधी तरी पुस्तक उघडेल आणि म्हणेल की हा शब्द आमच्या आजीचा.

आजीच्या बोलण्यात वगैरे काही नव्हता तो शब्द. तो तिच्या स्वतःच्या जन्मात होता. एकोणीसशे एकसष्टच्या उन्हाळ्यात वरच्या कुरणावर तिच्या बापाने आणि त्याच्या मित्राने घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या वाडग्यावर हात ठेवून आपापल्या बायकांची पोटं एकमेकांना दिली. कायद्याने तेव्हाही हे बंदच होतं, पण कायदा कुरणावर चढून येत नसे. मित्राला आधी मुलगा झाला. बुधवारी झाला म्हणून त्याचं नाव शार्शेन. तीन आठवड्यांनी जांगिल झाली. आईला मुलगा हवा होता म्हणून आईच्या लेखी ती चुकली, आणि बापाला नेमकी मुलगीच हवी होती म्हणून तो दोन दिवस प्यायला. पुढे अठराव्या वर्षी ती भाषांच्या परीक्षेत पहिली आली, ऑगस्टमध्ये लेनिनग्राडहून प्रवेशाचं पत्र आलं, आणि सप्टेंबरमध्ये तिचं लग्न झालं. पत्र बापाने वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, "मी शब्द दिलाय." शिक्षण तिने नंतर टपालाने केलं, मांडीवर पोर घेऊन.

शार्शेन वाईट माणूस नव्हता. हे वाक्य तिने बहिणींना, मैत्रिणींना, स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की त्यात आता काही चव उरली नव्हती. तीस वर्षं त्याने ओशच्या घाटरस्त्यावर ट्रक चालवला, गुडघे गेले तसा घरी बसला. हात उगारला नाही, पैसे लपवले नाहीत, फार बोललाही नाही. दोघांचे बाप प्रत्येक जेवणावळीत उठून सांगायचे, ही आमची बेल कुदा पोरं, बघा कशी जोडी. दोघं खाली बघून जेवायची. घरी आल्यावर त्या गोष्टीचा विषय बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांत एकदाही निघाला नव्हता.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर त्याने विचारलं, "काय होतं आज?"

"कण," ती म्हणाली आणि आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी भांडण सुरू झालं. सकाळी उरमतने यादीतला बदल वाचून दाखवला, आणि कायद्याची प्राध्यापिका पेरिझात उभी राहिली. पस्तिशीची, सडसडीत, आवाज खणखणीत. लहान वयात लग्न लावून दिलेल्या मुलींचे खटले ती फुकट चालवी. "हा शब्द देशातल्या पहिल्या क्वांटम यादीत जाणार?" ती म्हणाली. "मागच्या महिन्यात तलासमध्ये मी एका पंधरा वर्षांच्या मुलीला याच शब्दातून सोडवून आणलंय."

अक्सकालांना ते झोंबलं. "पोरी, शब्द हा शब्द असतो. त्याच्यावर खटला भरू नये."

"तुम्हाला दिलं होतं का आगाय, कोणी पोटात असताना?"

"मला कोणी घेतलं नसतं," अक्सकाल म्हणाले, आणि सभागृह हसलं.

मग गणिताच्या लारिसा व्लादिमिरोव्हनांनी माइक लावला. त्यांचं मत असं की गोष्टीला अक्षर दिलं की पुरे, शब्द हवेतच कशाला. "आणि मी स्पष्टच विचारते, हा शब्द आला कुठून? मला कळलंय की तो दुभाषीबाईंना सुचला. मी म्हणते, दुभाषीबाईंना यातलं ओ की ठो कळत नाही. आज शब्द खोक्यातून यायला लागले, तर उद्या समीकरणं उपाहारगृहातून येतील."

हे सगळं जांगिलने त्याच सुरात किर्गिझमध्ये सांगितलं. "मी म्हणते, दुभाषीबाईंना यातलं ओ की ठो कळत नाही." रशियन ऐकणारे आधी हसले आणि किर्गिझ ऐकणारे सात जण चार सेकंदांनी हसले. विनोद पोचला, म्हणजे काम चांगलं झालं होतं. तिला एकीकडून त्याचं बरं वाटलं आणि दुसरीकडून डोळे भरून आले. डोळे पुसायला वेळ नव्हता, कारण उरमत बोलायला लागला होता. शब्द वैज्ञानिकदृष्ट्या कसा चपखल आहे, नातं आधी ठरतं आणि नात्यातली माणसं नंतर घडतात हे दुसऱ्या कुठल्याच भाषेत असं एका शब्दात येत नाही, हे तो तळमळून सांगत होता. तेही तिने सांगितलं. अर्धा दिवस तिचा शब्द कोर्टात उभा होता, आणि सगळ्या वकिलांची वकिली तीच करत होती.

दुपारी हात धुवायच्या जागी पेरिझात तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. "एजे, राग मानू नका. तुमच्यावर नव्हतं ते."

"माझ्यावर काहीच नसतं," जांगिल म्हणाली. "माझ्यातून जातं."

"पण तुम्हाला सुचला कसा?"

जांगिलने नळ बंद केला. खरं सांगायला तेव्हाही जागा होती. "थकले होते," ती म्हणाली. ते खोटं नव्हतं.

त्या रात्री तिला झोप लागली, पण ती विश्रांतीची नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी आवाज बसलेला होता. शार्शेनने मेंढीची चरबी घालून गरम दूध दिलं. ती प्यायली आणि गेली.

शेवटच्या सत्रात एकोणचाळीस शब्दांवर एकमत झालं. उरला तो एक. हात वर करून मत घ्यायचं ठरलं, आणि त्याआधी प्रत्येकाने शेवटचं काय ते बोलून घ्यायचं. उरमतने काचेकडे बघून हळूच मान हलवली, काळजी करू नका या अर्थाने. आपल्याकडे जास्त हात आहेत हे त्याने मोजून ठेवलं होतं. जांगिलनेही मोजून ठेवलं होतं. बावीस तर नक्की.

पेरिझात सगळ्यात शेवटी उठली. आज ती मुद्दाम किर्गिझमध्ये बोलली. म्हणजे कानात रशियन लावून बसलेलं सगळं सभागृह, अक्सकालांसकट, तिला जांगिलच्या आवाजात ऐकणार होतं. बोलताना तिने कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. "तीन दिवस आपण या शब्दाबद्दल बोलतोय," ती म्हणाली, आणि जांगिल रशियनमध्ये म्हणाली, तीन दिवस आपण या शब्दाबद्दल बोलतोय. "तो सुंदर आहे, चपखल आहे, आपला आहे. पण मी एक विचारते. पोटात असताना जिला देऊन टाकलं, अशी कोणी इथे आहे का? तिला कोणी विचारलंय?"

जांगिलने ते शेवटच्या शब्दापर्यंत नीट सांगितलं. पेरिझात माइक बंद करून खाली बसली. नियमाप्रमाणे जांगिलनेही आता माइक बंद करायला हवा होता. तिचा हात बटणापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"आहे," ती रशियनमध्ये म्हणाली. "मी आहे."

आवाज तोच, सूर तोच. भाषांतर नेहमीच चार सेकंद मागून येतं, म्हणून कोणाला शंका आली नाही; सगळ्यांनी पेरिझातकडे पाहिलं. कोणीतरी हळहळून च्च केलं. सोरोनबाय अक्सकाल टेबलाला धरून उठले, छातीवर हात ठेवून पेरिझातसमोर वाकले आणि म्हणाले, "पोरी, मला माहीत नव्हतं. मी काल थट्टा केली. माफ कर या म्हाताऱ्याला."

पेरिझातने कानाला काहीच लावलेलं नव्हतं. ती गोंधळून इकडेतिकडे बघू लागली. "कशाबद्दल आगाय? मी काय म्हणाले?"

वरच्या भोकांतून ऐकू आलेलं तेही जांगिल सवयीने सांगून बसली. "कशाबद्दल आगाय? मी काय म्हणाले?" मग तिच्या लक्षात आलं की हे असं आणखी दोन वाक्यं चाललं, तर ती पुन्हा सुटेल. सगळे पेरिझातलाच धरून चालतील, यादी होईल, नाव छापलं जाईल. तिने पाण्याचा घोट घेतला.

"हे पेरिझात बोललेली नाही," ती म्हणाली. "टेबलावरचे माइक बघा, सगळे बंद आहेत. हे मागे, काचेमागे बसलेली बाई बोलतेय. दुभाषी नाही. मी."

खुर्च्या करकरल्या. एकेक करत सगळी डोकी मागे वळली. छत्तीस वर्षांत लोकांनी तिच्याकडे वळून पाहिलं होतं ते आवाज येत नाही म्हणून. तिला बुटांची आठवण झाली. ते पायात नव्हते.

"मला दिलं होतं," ती आता किर्गिझमध्ये म्हणाली, आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबून तेच रशियनमध्ये म्हणत गेली, कारण दुसरं कोण म्हणणार होतं. "शब्द मी आजीकडून घेतला म्हणाले, ते खोटं. उरमत म्हणतो तो चपखल आहे. आहेच. मी त्यात राहिले आहे. मी अजून मुलगी पण नव्हते, काहीच नव्हते, तेव्हा नातं ठरलं होतं. मग मी त्या नात्यात बसेन अशी झाले. माझा नवरा वाईट नाही. मला लेनिनग्राडला जायचं होतं." इथे तिचा आवाज फाटला, आणि रशियनमध्ये म्हणताना पुन्हा त्याच जागी फाटला. "कणांना त्रास होत नाही, म्हणून कणांसाठी हा शब्द छान आहे. पण शाळेत पोरं तो शिकतील. मास्तर हौसेने समजावतील. पोरी ऐकतील की ही तर विज्ञानातली गोष्ट आहे. नको. माझा शब्द आहे ना? मग मी तो मागे घेते."

लारिसा व्लादिमिरोव्हना चष्मा काढून पुसत राहिल्या. तोकतोसुन आगायांनी वही उघडली, बंद केली. शेवटी उरमत उठला, आणि माइकशिवायच, एखाद्या शाळकरी मुलासारखा म्हणाला, "एजे, मग काय ठेवू?"

"चाताशू ठेव," जांगिल म्हणाली. "घोळ तर घोळ."

हात वर झाले. चाळीसही झाले की काय, ते तिने मोजलं नाही. यादी झाली, प्रयोगशाळा वाचली. छापलेल्या यादीत चाताशूपुढे कोणाचंच नाव नाही.

पेरिझात खोक्याच्या दारात आली तेव्हा जांगिल वाकून बूट घालत होती. सुजलेला पाय आत जाईना. पेरिझात खाली बसली आणि तिने टाच सरकवून दिली. जांगिलने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघाली. आपण एक गोष्ट गमावली आहे हे तिला चालताना पावलोपावली कळत होतं. हलकंबिलकं काही वाटत नव्हतं. झोप येत होती.

सहाच्या सुमारास बस थांब्यावर उतरली तर शार्शेन तिथे उभा होता. हातात पावाची पिशवी, गुडघ्याला गरम पट्टा. आवाज बसलाय म्हणून फोन करणार नाहीस, म्हणून आलो, असं त्याने न विचारताच सांगितलं. दोघं चालू लागली. त्याच्या गुडघ्यामुळे आणि तिच्या पायांमुळे वेग बेताचाच होता.

"झालं का म्हातारे तुझं शेवटचं काम?"

"झालं."

"कण?"

तिने मान हलवली. मग म्हणाली, "मी आज सगळ्यांसमोर सांगितलं. मला पोटात असताना दिलं होतं ते. मला कोणी विचारलं नव्हतं ते. तुम्ही वाईट नाही, हेही सांगितलं."

शार्शेन थांबला नाही. त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. पुढच्या कोपऱ्यावर दोघं वळली.

"मलाही दिलं होतं की," तो म्हणाला. "ते सांगितलंस?"

त्रेचाळीस वर्षांत हे जांगिलला एकदाही सुचलं नव्हतं, आणि त्याची तिला इतकी लाज वाटली की तिने त्याची बाही धरली.

"नाही," ती म्हणाली. "ते राहिलं."